कोस्केलांच्या तळघरातला सूर

राउनो कोस्केला ‘नो हंटिंग’ या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो, हे कॅनडातल्या आमच्या थंडर बे गावात सगळ्यांना माहीत आहे. तो ती कशी वाजवतो, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. बेस गिटार ही वस्तूच अशी आहे, की ती वाजत असताना कोणाच्या लक्षात येत नाही आणि थांबली की कुठेतरी काहीतरी चुकतंय एवढंच वाटत राहतं. राउनोचंही तसंच. तो आमच्या समोरच्या घरात वाढला. त्याच्या लहानपणीच्या कुठल्याही वाढदिवसाचा फोटो काढून बघा. केक दिसतो, मेणबत्त्या दिसतात, शेजारपाजारची पोरं दात काढून हसताना दिसतात, आणि ज्याचा वाढदिवस तो कडेला अर्धा कापला गेलेला असतो. पुढे बँडचे फोटो मासिकांत यायला लागले, तेव्हा तिथल्या छायाचित्रकारांनीही ही प्रथा मोडली नाही.

बँडमध्ये त्याचा प्रवेश झाला तो तळघरामुळे. ब्रेंट मॅकइन्टायरकडे गिटार होती, कविता होत्या आणि प्रत्येक गोष्टीवर मत होतं. डार्सी बिलिककडे ड्रम होते, पण ते त्याच्या आईने एका रविवारी बर्फात नेऊन ठेवले होते. दोघांचा बँड होत नाही, नुसता वाद होतो, आणि वाद घालायलासुद्धा आमच्या हिवाळ्यात छप्पर लागतं. कोस्केलांकडे तळघर होतं. राउनोची आई इर्या म्हणाली, पोरं बाहेर उंडारण्यापेक्षा खाली बडवत बसलेली बरी. राउनोला वाजवता येत नव्हतं. ब्रेंटने त्याला उदारपणे सांगितलं, की बेसला चारच तारा असतात, तू शिकशील. राउनो म्हणाला, “बरं.”

राउनो सगळ्यालाच “बरं” म्हणतो. गाडी तू चालव, बरं. अवजड पेट्या तू उचल, बरं. अंड्यांची सँडविचं आण, बरं. एवढ्या वर्षांत त्या बँडमध्ये दुसऱ्या कोणी “बरं” म्हटल्याचं ऐकिवात नाही, आणि तो बँड टिकला याचं माझ्या मते हेच कारण आहे.

त्या तळघरात सॉनाची, म्हणजे वाफेने घाम काढायची, लाकडी खोली होती, भिंतीला टेकवलेल्या स्की होत्या, लोणच्याच्या बरण्यांची फळी होती, आणि फळीखाली कोस्केलांचा फ्रीझर होता. आडवा, पांढरा, दोन माणसं आरामात झोपतील एवढा. राउनोचे वडील पाव्हो दर ऑक्टोबरात रानात जाऊन एक मूस मारत आणि ते महाकाय हरीण पुड्या-पुड्यांनी त्या फ्रीझरमध्ये जाऊन बसे. ब्रेंटने बँडचं नाव रानातल्या रस्त्यावरून चोरून आणलेल्या एका पाटीवरून ठेवलं, ‘शिकारीस मनाई’. पाव्होने जेवताना ते नाव ऐकलं, बराच वेळ चावत राहिला आणि म्हणाला, “मग तोंडात काय आहे असं वाटतं या पोरांना?”

या एका वाक्यामुळे संगीताचा इतिहास बदलला, असं म्हणायला हरकत नाही. त्याचं झालं असं. गिटारी सुरात लावायचं एक छोटं यंत्र असतं, त्यातली बॅटरी पहिल्याच दिवशी संपली. नवी बॅटरी वर पाव्होच्या टॉर्चमध्ये होती आणि टॉर्च पाव्होच्या मांडीवर होता. ती मागायला जायची कोणाचीच छाती होईना. तिघं खाली बसून राहिले. फ्रीझर आपला एका सुरात गुणगुणत होता. ब्रेंट म्हणाला, “हाही सूरच आहे की.” मग त्यांनी गिटारी फ्रीझरला लावल्या.

आता फ्रीझरचा सूर हा पियानोच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधल्या फटीत पडतो. जगातल्या कुठल्याही पेटीवर तो नाही. त्यामुळे ‘नो हंटिंग’ची गाणी घरी बसून कोणालाही वाजवता येत नाहीत, गावातल्या गिटार शिकवणाऱ्या मास्तरांनी प्रयत्न करून पाहिला आणि नंतर हॉकी शिकवायला सुरुवात केली. शिवाय फ्रीझर सारखा चालत नाही. पोटभर गार झाला की तो अंगाला एक झटका देऊन थांबतो, वरच्या बरण्या किणकिणतात, आणि शांतता होते. तो थांबला की ब्रेंटचा गळा सूर सोडून कुठेही भटकायचा. म्हणून नियम ठरला, की फ्रीझर चालू झाला की गाणं सुरू आणि फ्रीझर थांबला की गाणं संपलं. मग ब्रेंट ओळीच्या मध्यात असो की शब्दाच्या. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचा शेवटचा शब्द ‘एकटेप’ असा आहे. ‘णा’ला फ्रीझर थांबला.

पहिला अल्बम त्यांनी जुन्या बाजारातून आणलेल्या कॅसेटच्या यंत्रावर तळघरातच ध्वनिमुद्रित केला. पहिली बाजू नोव्हेंबरात झाली, तेव्हा फ्रीझर मूसने गच्च भरलेला होता आणि त्याचा आवाज भरदार, गुबगुबीत येत होता. मग डार्सीला कागदाच्या गिरणीत रात्रपाळी लागली आणि दुसरी बाजू मे महिन्यावर गेली. तोपर्यंत कोस्केला कुटुंबाने मूस खाल्ला होता. रिकाम्या फ्रीझरचा आवाज पोकळ झाला होता, तळाशी एक-दोन पुड्या खडखडत होत्या.

टोरांटोच्या एका साप्ताहिकाच्या समीक्षकाला ती कॅसेट कशी मिळाली देव जाणे. त्याने पानभर लिहिलं. पहिल्या बाजूत उत्तरेच्या अरण्याचं भरलेपण आहे, दुसऱ्या बाजूत आत्मा हळूहळू रिता होत जातो, आणि अपुऱ्या शब्दांवर तुटणारी गाणी म्हणजे माणसाच्या संवादाचाच अंत आहे, वगैरे. इर्याने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, “आत्मा कसला, सूपमध्ये घातला तो.” पण तिचं म्हणणं कोणी छापलं नाही. ‘नो हंटिंग’चं नाव झालं.

नाव झाल्यावर कलावंताने जे करायचं असतं ते त्यांनी केलं. जे जमलं होतं ते सोडून दिलं. दुसरा अल्बम टोरांटोच्या महागड्या स्टुडिओत झाला. तिथे फ्रीझर नव्हता, भिंतींना गाद्या लावलेल्या होत्या आणि सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. ब्रेंटचे शब्द प्रथमच लोकांना कळायला लागले आणि लोकांची घोर निराशा झाली. जुने चाहते म्हणाले, हे विकले गेले. खरं म्हणजे फारसं काही विकलं गेलंच नव्हतं, पण गाण्याच्या त्या जगात ‘विकला गेला’ ही एकच शिवी माणसाला आयुष्यातून उठवते. ब्रेंट महिनाभर घराबाहेर पडला नाही आणि पडला तेव्हा त्याच्या हातात की-बोर्ड होता.

तिसरा अल्बम यंत्रांचा. ठोके यंत्र देत होतं, डार्सी त्या यंत्राशेजारी हाताची घडी घालून बसायचा, आणि मुलाखतींत त्याला ‘यंत्राचा साक्षीदार’ म्हणत. चौथ्यात ब्रेंटला मुळांकडे परतावंसं वाटलं. मुळं कोणाची हे स्पष्ट नव्हतं, कारण तो दाढी वाढवून बॅन्जो वाजवायला लागला आणि आमच्या गावात त्याआधी बॅन्जो कोणी पाहिला नव्हता. डार्सी ड्रमऐवजी सूटकेस बडवू लागला. याच काळात ब्रेंटने नावाला जागून शाकाहार स्वीकारला आणि एका मासिकात जाहीर केलं, की अख्खा बँड शाकाहारी आहे. डार्सीला ही बातमी मासिकातूनच कळली, आणि ते मासिक त्याने बर्गरखाली पसरलं होतं. पाचवा अल्बम नुसत्या वाऱ्याच्या आवाजाचा होता. त्याबद्दल मी काही बोलत नाही. तो मी विकत घेतला होता.

या सगळ्या स्थित्यंतरांत राउनो बेस वाजवत होता. तेच चार सूर, त्याच जागी. यंत्रं आली, बॅन्जो आला, वारा आला, राउनो होता तिथेच. पण समीक्षकांनी कधी त्याचं नाव लिहिलं नाही. लिहिलंच तर ‘ज्याच्या घरी तो फ्रीझर आहे’ असं लिहिलं. मग गाडी हळूहळू थांबली. डार्सी नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रक चालवू लागला, ब्रेंट लोकांना गाणी लिहायला शिकवू लागला, आणि राउनो हार्डवेअरच्या दुकानात खिळे विकू लागला. पाव्हो वारला. इर्या त्या घरात एकटी राहिली आणि राउनो रोज संध्याकाळी तिच्याकडे जेवायला जाऊ लागला. जेवण झालं की तो खाली तळघरात जायचा आणि तासभर फ्रीझरबरोबर बेस वाजवायचा. खिडक्या उघड्या असल्या की आम्हाला ऐकू यायचं. त्याला आम्ही सराव म्हणत नसू. आम्हाला वाटायचं, घर आहे, घराचा काही ना काही आवाज येणारच.

आणि मग पहिल्या अल्बमला पंचवीस वर्षं झाली. टोरांटोच्या एका कंपनीने तो नव्याने काढला, जाडजूड काळ्या तबकडीवर, जाडजूड पुस्तिकेसह. पुस्तिकेत वादकांची नावं होती. ब्रेंट मॅकइन्टायर, डार्सी बिलिक, फ्रीझर आणि राउनो कोस्केला. याच क्रमाने. ऑगस्टमध्ये सरोवराकाठच्या बागेत महोत्सव होता, तिथे अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं ठरलं. आणि फ्रीझर प्रत्यक्ष स्टेजवर.

ब्रेंट हे सांगायला कोस्केलांच्या स्वयंपाकघरात आला तेव्हा मी तिथे इर्याची शिडी परत द्यायला गेलो होतो. इर्याने कॉफी ओतली, वेलदोड्याचा गोड पाव कापला. ब्रेंटने डोक्यावरची टोपी काढली, म्हणजे बातमी गंभीर होती.

“राउनो,” तो म्हणाला, “तुझा बेस आणि फ्रीझर एकाच पट्टीत येतात रे. टेपवर ते खपून गेलं. स्टेजवर दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतील. तर या वेळी बेस नकोच, असं मला वाटतं.”

“मग मी?”

“तू असणारच की. फ्रीझरजवळ कोणीतरी लागेल ना.”

राउनो म्हणाला, “बरं.” पण हातातला पावाचा तुकडा त्याने परत बशीत ठेवला. इर्याचा पाव उष्टा करून परत ठेवलेला मी त्या घरात कधी पाहिला नव्हता. तिनेही नसावा. तिने आधी बशीकडे पाहिलं, मग ब्रेंटकडे.

“फ्रीझर कोणाचा आहे, ब्रेंट?”

“तुमचा, मिसेस कोस्केला.”

“मग ऐक. फ्रीझर एकटा कुठे जात नाही. राउनो गळ्यात गिटार अडकवून त्याच्याबरोबर जाईल. पंचवीस वर्षं वाजवून माझा मुलगा स्टेजवर फ्रीझरचा राखणदार म्हणून उभा राहणार नाही.”

“आई, जाऊ दे,” राउनो म्हणाला.

“तू पाव खा.”

ब्रेंटने कलेच्या आवश्यकतेबद्दल बरंच सांगितलं. इर्याने कॉफीचं भांडं उचलून ठेवलं, म्हणजे बैठक संपली. शेवटी तडजोड अशी निघाली, की राउनो स्टेजवर बेस घेऊन उभा राहील, आणि शेवटच्या एका गाण्यात वाजवेल. बाकी वेळ हात खाली. तो अल्बम त्याला झोपेतही पाठ होता, आणि आता गावासमोर त्याने त्यातला बहुतेक सगळा हाताची घडी घालून ऐकायचा होता. डार्सीला हे कळलं तेव्हा तो राउनोला म्हणाला, “मी तीन वर्षं यंत्राशेजारी बसलो होतो. पाठ फार दुखते. उशी ने.”

दुसरी अडचण तळघरात निघाली. फ्रीझर रिकामा होता. पाव्होनंतर त्या घरात मूस आलाच नव्हता; तळाशी पाव्होच्या हाताने बांधलेली एक शेवटची पुडी तेवढी होती आणि ती इर्या कोणाला काढू देत नसे. ब्रेंटने फ्रीझरला कान लावला आणि मान हलवली.

“ही दुसरी बाजू आहे. मला आधी पहिली बाजू पाहिजे.”

त्यांनी पाण्याच्या बाटल्या भरून पाहिल्या, वाळूची पोती टाकून पाहिली. ब्रेंट म्हणाला, यात जीव नाही. त्याला मूसच हवा होता. शिकारीचा परवाना सोडतीत निघतो, सोडत कधीच होऊन गेली होती आणि ऑगस्टमध्ये शिकार चालतही नाही, हे राउनोने समजावलं. शिवाय तू शाकाहारी आहेस, याचीही आठवण करून दिली.

“मला खायचा नाहीये,” ब्रेंट म्हणाला, “ऐकायचाय.”

मग इर्याने फोन उचलला. ऑगस्टमध्ये आमच्याकडचे सगळेच फ्रीझर तळाला लागलेले असतात, पण तिचा शब्द मोडायची कोणाची टाप नव्हती. गल्लीतले सगळे फ्रीझर रिकामे झाले. कोणी मूसचा खिमा आणला, कोणी सरोवरातले मासे, कोणी हरणाची सॉसेजं, कोणी मागच्या वर्षीची ब्लूबेरी. एक अख्खं बदक आलं, ते आपण आणलं असं आजवर कोणी कबूल केलेलं नाही. एका जोडप्याने स्वतःच्या लग्नाच्या केकचा वरचा थर आणला आणि तो परत नको असं सांगितलं. मी एक गोळा दिला, तो कशाचा होता ते मलाच आठवत नव्हतं. सगळं पाव्होच्या पुडीवर रचलं. झाकण लावलं. फ्रीझर गुरगुरला आणि मग तोच जुना, गुबगुबीत, पोट भरलेला सूर लावून बसला. ब्रेंटच्या डोळ्यांत पाणी आलं. राउनोने झाकणावर हात ठेवला.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी डार्सीच्या ओळखीने नगरपालिकेच्या ट्रकातून फ्रीझर बागेत गेला. स्टेजवर मधोमध ठेवला, वायर जोडली, त्याच्या पोटाशी मायक्रोफोन लावला, गिटारी त्याच्या सुरात लावल्या, सगळं तपासलं आणि मंडळी जेवायला गेली. इथे एक माणूस मध्ये आला. महोत्सवाचा दुपारच्या पाळीचा साउंडवाला. त्याला सकाळच्या पाळीने काही सांगितलं नव्हतं. आता साउंडवाल्या माणसाचं आयुष्य कशात जातं? कुठूनतरी येणारी घरघर शोधून ती बंद करण्यात. तेवढ्यासाठी त्याला बोलावतात. त्याने कर्णे लावले आणि त्याला एक घरघर ऐकू आली. बिचारा स्टेजभर रांगला, वायरी उपटल्या, पुन्हा लावल्या, घामाघूम झाला, आणि अखेर त्याला चोर सापडला. त्याने फ्रीझरची वायर काढली. घरघर थांबली. समाधानाने तो घरी गेला, आणि जाताना प्लगची ती रिकामी जागा कॉफीच्या टपरीवाल्याला देऊन गेला.

संध्याकाळी, पण अजून लख्ख उजेड असताना, ‘नो हंटिंग’ स्टेजवर आला. गवतावर अख्खं गाव बसलं होतं. पुढच्या रांगेत टोरांटोचा तो समीक्षक होता, आता पूर्ण टक्कल पडलेला, डोळे मिटून तयार. इर्या घडीच्या खुर्चीत, मांडीवर पर्स. ब्रेंटने हात वर केला. फ्रीझर चालू झाला, की हात खाली येणार आणि गाणं सुरू होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. सगळे श्वास रोखून थांबले.

थांबले, थांबले. सरोवरावर सीगल ओरडत होते. ब्रेंटचा हात वरच होता. टक्कलवाल्या समीक्षकाने डोळे न उघडता वहीत काहीतरी लिहिलं. एवढी खोल शांतता त्याने याआधी ऐकली नसावी. राउनोने मागे पाहिलं आणि त्याला दिसलं, की फ्रीझरच्या प्लगला टपरीवरचं कॉफीचं यंत्र जोडलेलं आहे आणि फ्रीझरची वायर गवतात पडली आहे. त्याने डार्सीकडे पाहिलं. डार्सीने खांदे उडवले. खांदे उडवण्यात तो फार तरबेज आहे.

त्या क्षणी राउनो ओरडून सांगू शकला असता. पण मग काय झालं असतं? ब्रेंटचा पंचवीस वर्षांचा सोहळा गावादेखत फुसका झाला असता. त्याने बेसवरचं सूर जाडा करायचं बटण पार खाली फिरवलं, पाठ जरा वळवली, आणि दुसऱ्या तारेवर अंगठा असा ठेवला, जसा झोपलेल्या मांजराच्या पाठीवर ठेवतात. सूर निघाला. भरदार, गुबगुबीत, पोट भरलेला. ब्रेंटचा हात खाली आला.

मी शपथेवर सांगतो, आम्हाला कोणालाच कळलं नाही. आम्हीच ते मासे आणि सॉसेजं भरली होती, आम्हीच अभिमानाने एकमेकांना कोपरं मारत होतो. शेजारचा माणूस मला म्हणाला, “माझा खिमा ऐकू येतोय.”

पहिल्या गाण्याचा शेवट जवळ आला. टेपवर तो जिथे तुटतो तिथे बरोबर राउनोने अंगठा उचलला. ब्रेंट शब्दाच्या मध्यात थांबला, जसा नेहमी थांबतो. आणि मला वाटतं, तिथेच राउनोच्या काहीतरी ध्यानात आलं असावं. कारण पुढच्या गाण्याआधी तो हसला. मी त्याला स्टेजवर हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या गाण्यात ब्रेंटने अचानक नव्याने लिहिलेली कविता सुरू केली. सरोवर ही आपली आई आहे आणि आपण सगळे तिचे विसरलेले मासे आहोत, असं काहीतरी. दुसऱ्या कडव्याला राउनोने अंगठा उचलला. ब्रेंट तोंड उघडं ठेवून थांबला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पाचव्यात ब्रेंटने तीच कविता पुन्हा काढली, पुन्हा अंगठा. सातव्यात तो कॅनडाच्या भवितव्याविषयी बोलायला लागला. त्या वेळी तर पहिल्याच वाक्याला. ज्या माणसाला शाळेत, घरात, लग्नात, घटस्फोटात कोणी थांबवू शकलं नव्हतं, तो दर वेळी फ्रीझरकडे आदराने पाहून गप्प बसत होता. दुसऱ्या बाजूची गाणी आली तेव्हा राउनोने बोटं तारेच्या टोकाकडे सरकवली आणि सूर पोकळ केला, तळाशी पुड्या खडखडल्यासारखा. समीक्षक रडला.

कार्यक्रम संपल्यावर लोक आपापलं सामान परत घ्यायला स्टेजमागे आले आणि डार्सीने झाकण उघडलं. आतून पाणी वाहिलं. सगळं वितळलं होतं. आमच्याकडे अन्न टाकत नाहीत आणि वितळलेलं पुन्हा गोठवत नाहीत, त्यामुळे निर्णय आपोआपच झाला. बागेतल्या शेगड्या पेटल्या. मासे तव्यावर गेले, बदक कोणाचं हे न विचारता भाजलं गेलं, केकचा थर समीक्षकाला दिला. इर्याने मोठं पातेलं मागवलं आणि बटाटे, कांदे घालून मोयाक्का शिजवायला घेतला, फिनलंडहून आलेल्या आमच्या इथल्या घरांतला रस्सा. एकेक पुडी सोडत गेली. शेवटची पाव्होची होती. ती तिने जरा वेळ हातात धरली, मग सोडली आणि मांस रश्शात टाकलं.

ब्रेंट तेजाने नुसता उजळला होता. तो पातेल्याजवळ आला आणि राउनोच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “मनाला लावून घेऊ नकोस, पण शेवटच्या गाण्यात तुझा बेस ऐकूच आला नाही. सांगत होतो ना मी. पण फ्रीझर, काय वाजला आज. तीनदा मला त्याने नेमक्या जागी थांबवलं. काहीतरी कळतं त्याला.”

इर्याने डाव हलवत म्हटलं, “फ्रीझरला एवढी अक्कल नाही, ब्रेंट.”

“म्हणजे?”

“फ्रीझर दुपारपासून बंद आहे. मांस कशाने वितळलं असं वाटतं तुला? कवितेने?”

ब्रेंटने पातेल्यात पाहिलं. मग कॉफीच्या टपरीकडे जाणाऱ्या वायरीकडे पाहिलं. मग फ्रीझरकडे, आणि सगळ्यात शेवटी राउनोकडे. वादकांच्या यादीतही राउनो फ्रीझरनंतर, शेवटीच होता.

“मग मला थांबवलं कोणी?”

“मी,” राउनो म्हणाला.

“तिन्ही वेळा?”

“हो.”

ब्रेंट बराच वेळ काही बोलला नाही. आसपासची माणसं बशा हातात धरून बघत राहिली, कारण हे दृश्य गावात नवीन होतं. मग तो खाकरून म्हणाला, “मला पहिल्या गाण्यापासून संशय होताच.” इर्या रस्सा ढवळत राहिली. “तिसऱ्या वेळी मात्र जरा लवकर थांबवलंस.”

“नाही,” राउनो म्हणाला.

एवढाच शब्द. पण ज्याने पंचवीस वर्षांत फक्त “बरं” म्हटलं होतं त्याच्या तोंडून तो आला होता. डार्सीने शेगडीवरचा मासा उलटायचा थांबवला. ब्रेंटने टोपी काढली.

“बेस राहू दे मग,” तो म्हणाला. “सगळ्या गाण्यांना.”

“आणि गाणं कुठे संपवायचं ते मी ठरवणार.”

“तेही ठीक आहे.” मग जरा थांबून, “पण लोकांना फ्रीझरच वाटू दे. लोकांना फ्रीझर आवडतो.”

राउनोने विचार केला. “बरं,” तो म्हणाला.

इर्याने एक बशी भरली आणि ब्रेंटपुढे धरली. तो शाकाहारी असल्याचं आठवून मागे सरकला.

“ऐकून झालं ना?” ती म्हणाली. “आता खा.”

त्याने खाल्ला. आम्ही सगळ्यांनीच खाल्ला. पाव्होच्या त्या मूसची चव एव्हाना पुठ्ठ्यासारखी झाली होती. राउनोने दुसऱ्यांदा घेतला.

इर्याने नंतर छोटा उभा फ्रीझर घेतला आणि मोठा बँडला देऊन टाकला. हल्ली तो विनिपेगला जातो, सडबरीला जातो. आत शर्ट, वायरी आणि डार्सीची बिअर असते. वायर कशालाच जोडलेली नसते. प्रत्येक गावात ब्रेंट हात वर करून फ्रीझर चालू होण्याची वाट पाहतो, लोक श्वास रोखतात, आणि गाणं जेवढं लांबायला हवं तेवढंच लांबतं. समीक्षक म्हणतात, बँड आता परिपक्व झालाय.

परवा विनिपेगच्या वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला. इर्याने तो कापून ओट्यावरच्या कपाटाला लावलाय. मध्ये ब्रेंट, तोंड उघडं, मागे डार्सी, पुढे फ्रीझर, अगदी ठळक. उजव्या कडेला राउनो नेहमीप्रमाणे अर्धा कापला गेलाय. पण हात आलाय, आणि हाताचा अंगठा तारेवरून नुकताच उचललेला आहे.